घरातून छोट्या प्रमाणावर गन ट्रान्सफर करायचंय, एफएफएल (गनच्या धंद्याचं फेडरल लायसन्स) काढण्यात अर्थ आहे का?

झाडपाला

नमस्कार मंडळी. मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका सबर्बमध्ये राहतो, घर स्वतःचं आहे, सिटिझन आहे, आणि रेंजवर जायचा नाद लागून बरीच वर्षं झाली. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, सगळे रात्री ऑनलाइन डील शोधत बसतात, पण ऑनलाइन घेतलेली गन काही थेट घरी येत नाही, ती लायसन्सवाल्या डीलरकडे जाते आणि तिथे फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन मग आपल्या हातात पडते हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या जवळचं दुकान याचे एका गनमागे ५० डॉलर घेतं, शनिवारी गेलं की अर्धा दिवस तिथेच, आणि वर काउंटरवरचा माणूस 'आमच्याकडून का नाही घेतलीत' अशा चेहऱ्याने बघतो.

तर डोक्यात किडा वळवळतोय की आपणच टाइप ०१ चं, म्हणजे साध्या गन डीलरचं फेडरल लायसन्स काढावं, गॅरेजचा एक कोपरा नीट करून घ्यावा, आणि २५ डॉलरमध्ये ट्रान्सफर करून द्यावेत. महिन्याला चार-पाच होतील, जास्त नाही. दुकान वगैरे थाटायचं नाहीये, नोकरी आहेच. आणि खरं सांगायचं तर मलाही माझ्या गन होलसेल भावात मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

विचारायचं हे की घराच्या पत्त्यावर लायसन्स देतात का, एचओए (घरमालकांची असोसिएशन) आडवी येते का, स्वतःच्या नावावर घ्यावं की एलएलसी (छोटी कंपनी) काढून, आणि एटीएफवाले (गनची लायसन्स देणारी फेडरल संस्था) कधीही येऊन सगळं घर धुंडाळतात असं बायकोला कोणीतरी सांगितलंय ते कितपत खरं? उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने येतात त्यामुळे तिची काळजी अगदीच अनाठायी नाही. कोणी केलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

कागदीघोडा

माझं घरातूनच चालतं, टाइप ०१, त्यामुळे लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

घराच्या पत्त्यावर मिळतं. पण कायद्यातली एक ओळ लोक वाचतच नाहीत, की ज्या खाजगी घराचा कुठलाच भाग लोकांसाठी खुला नाही ते घर 'बिझनेसची जागा' धरलं जात नाही. म्हणजे गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊ शकलं पाहिजे. 'मी फक्त मित्रांच्या घरी जाऊन देणार' किंवा 'पार्किंग लॉटमध्ये भेटू' हे चालत नाही, ट्रान्सफर लायसन्सवर लिहिलेल्या पत्त्यावरच व्हायला हवा, अपवाद म्हणजे आपल्याच राज्यातला गन शो. तेव्हा गॅरेजचा कोपरा चालेल पण तो खरोखर कामाचा कोपरा पाहिजे, म्हणजे टेबल, खुर्ची, रेकॉर्ड ठेवायला कपाट, आणि गन ठेवायला सेफ. डीलरने अमुक जाडीची सेफ ठेवलीच पाहिजे असं फेडरल कायदा म्हणत नाही, पण गॅरेजात उघड्यावर ठेवायचा विचारही करू नका.

अर्ज म्हणजे फॉर्म ७. सोबत २०० डॉलर (तीन वर्षांचे, मग रिन्यूअलला ९०), दोन बाय दोनचा फोटो, बोटांच्या ठशांची कार्डं. अर्जाची एक प्रत तुमच्या भागातल्या पोलीस चीफला किंवा शेरीफला पाठवायची असते. ती नुसती माहितीसाठी, त्यांची परवानगी लागत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण ऑफिसात जाऊन सही मागत बसणारे लोक मी बघितलेत. अर्ज पोर्टलंडच्या पोस्ट बॉक्सला जातो, फी तिथे जमा होते, मग पुढचं सगळं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या लायसन्सिंग सेंटरमधून. तिथे बॅकग्राउंड तपासतात आणि मग फाईल तुमच्या भागातल्या एटीएफ ऑफिसला येते.

मग येतो आयओआय, म्हणजे इंडस्ट्री ऑपरेशन्स इन्व्हेस्टिगेटर. यांच्याबद्दल उगाच भीती आहे. हे बंदूक लावून दार फोडणारे एजंट नव्हेत, फाईल घेऊन येणारी माणसं आहेत. येतात, जागा बघतात, धंदा कसा करणार विचारतात, नियम एकेक करून समजावतात आणि समजलं म्हणून सही घेतात. माझ्याकडे आले तेव्हा बहुतेक वेळ डायनिंग टेबलवरच गेला. अर्ज सगळा बरोबर आणि पूर्ण असेल तर त्यावर ६० दिवसांत निर्णय घ्यायचा असा कायदा आहे, पण एखादा रकाना रिकामा राहिला की घड्याळ सुरूच होत नाही, हे लक्षात घ्या.

आता खरी गोची. अर्जावर तुम्ही लिहून देता की हा धंदा राज्याच्या आणि गावाच्या कायद्यात बसतो किंवा मंजुरीनंतर ३० दिवसांत बसेल. म्हणजे झोनिंग. बहुतेक लोक एटीएफला घाबरतात आणि अडकतात सिटी हॉलमध्ये. रेसिडेन्शियल झोनमध्ये 'होम ऑक्युपेशन' नावाखाली काय चालतं ते प्रत्येक गावाचं वेगळं. कुठे गिऱ्हाईक घरी यायलाच बंदी असते, कुठे पाटी नको म्हणतात, कुठे गाड्या किती उभ्या राहतील ते मोजतात, कुठे शस्त्रविक्रीचं नाव घेऊन नाही म्हटलेलं असतं. म्हणून पहिला फोन प्लॅनिंग डिपार्टमेंटला, २०० डॉलर नंतर. आणि फोनवर 'हो हो चालेल' म्हणाले तर त्यावर जाऊ नका, ईमेलवर लेखी घ्या. आयओआय नेमकं तेच विचारतो.

एचओएचं वेगळं आहे. तो कायदा नाही, तुम्ही घर घेताना सही केलेला करार आहे, त्यामुळे त्यावरून लायसन्स अडेल असं नाही, पण दंडाची पत्रं एचओए पाठवू शकते आणि कोर्टातही खेचू शकते. डीड रिस्ट्रिक्शन्सचे, म्हणजे घरावरच्या अटींचे कागद काढून 'बिझनेस' शब्द कुठे कुठे आलाय ते बघा.

एलएलसी की स्वतःच्या नावाने, यावर उद्या लिहितो, हात दुखले.

एडिसनकर

वरचं सगळं टेक्सासपुरतं ठीक आहे हो. इथे न्यू जर्सीत कोणी वाचून उत्साहात येईल म्हणून लिहितोय. आमच्याकडे फेडरल लायसन्स हातात आलं तरी राज्याचं रिटेल डीलर लायसन्स वेगळं लागतं, स्टेट पोलीस चौकशी करतात आणि सुपीरियर कोर्टाचा जज ते देतो. कॅलिफोर्नियात राज्याची डीलरांची वेगळी यादी, वेगळं सर्टिफिकेट आणि वर प्रत्येक गनला दहा दिवस थांबायचं. इलिनॉयमध्ये २०१९ पासून डीलरला राज्याचं सर्टिफिकेशन आहे. पेनसिल्व्हेनियातही राज्याचं वेगळं लायसन्स. टेक्सासात राज्याचं डीलर लायसन्सच नाही त्यामुळे झाडपाला सुदैवी, पण प्रत्येकाने आपल्या राज्याचं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाकी चालू द्या.

जुनाखेळाडू

मंडळी, फॉर्म, फोटो वगैरे ठीक. पण झाडपालाच्या प्रश्नातलं एक वाक्य कोणी धरलंच नाही. 'मलाही होलसेल भावात मिळाल्या तर.' बाबा रे, हे वाक्य आयओआयसमोर तोंडातून काढू नकोस असं मी सांगणार नाहीये, मी सांगतोय की हे कारण मुख्य असेल तर अर्जच करू नकोस.

थोडं मागे जातो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर लायसन्स वर्षाला १० डॉलरला मिळायचं. परिणाम असा की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात अडीच लाखांच्या वर लायसन्सवाले होते, आणि त्यातल्या ढीगभर लोकांचं दुकान म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. कितीतरी जण फक्त स्वतःला स्वस्तात मिळावं आणि पोस्टाने घरी यावं म्हणून काढायचे. मग १९९३ ला फी तीन वर्षांना २०० केली, १९९४ ला फोटो, ठसे आणि स्थानिक कायद्यात बसतं असं लिहून द्यायची अट आली, आणि काही वर्षांत आकडा एक लाखाच्या आसपास आला. फी तेव्हापासून तीच आहे, पण 'टेबलवाल्या डीलर'कडे बघायची नजर तेव्हा बदलली ती बदललीच.

लायसन्स कोणासाठी, तर जो या 'धंद्यात आहे' त्याच्यासाठी. वेळ, लक्ष आणि कष्ट घालून, नेहमीचा व्यवसाय म्हणून, नफा कमवायच्या हेतूने. २०२२ च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज ॲक्टने ही व्याख्या सैल केली, आधी 'पोटापाण्यासाठी आणि नफ्यासाठी' असं होतं, त्यातलं पोटापाण्याचं गेलं, आता मुख्य हेतू नफा असला की झालं. याची गंमत दोन्ही बाजूंनी आहे. एकीकडे नोकरी सांभाळून छोटा धंदा करणारा माणूस आता जास्त आरामात बसतो. दुसरीकडे लायसन्स न घेता गन शोला 'माझं पर्सनल कलेक्शन विकतोय' म्हणत घेणं-विकणं करणाऱ्याला पळवाट कमी झाली. पण फक्त स्वतःच्या कलेक्शनसाठी लायसन्स मागितलं तर एटीएफ देत नाही, हे तेव्हाही तसंच होतं आणि आताही. आणि फॉर्म ७ वर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

जुन्या गनचा शौक असेल तर टाइप ०३ घे, कलेक्टरचं. ३० डॉलर तीन वर्षांना, पन्नास वर्षांहून जुन्या मूळ स्वरूपातल्या गन दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी येतात. मात्र त्यावर धंदा करता येत नाही, मित्रांचे ट्रान्सफर तर नाहीच नाही.

झाडपाला

जुनाखेळाडू, पटलं. होलसेलचं वाक्य मी गमतीत टाकलं होतं पण मुख्य कारण ते नाही. ट्रान्सफरचे पैसे घेणार, हिशोब ठेवणार, पुढे जमलं तर थोड्या ॲक्सेसरीज आणि ऑर्डरवर गन मागवून विकणार. मग तो धंदा धरतात ना? आणि घर धुंडाळण्याबद्दल कोणीच नीट सांगितलं नाही, बायको शेजारी बसून हा थ्रेड वाचतेय.

मेघा_ओहायो

वहिनींसाठीच लिहिते मग. आमच्याकडे लायसन्स नवऱ्याच्या एलएलसीच्या नावावर आहे आणि वह्या मी सांभाळते, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही.

एटीएफला बिझनेसच्या वेळेत, लायसन्सच्या जागी, वॉरंटशिवाय रेकॉर्ड आणि स्टॉक तपासायला येता येतं, पण अशी नेहमीची तपासणी बारा महिन्यांतून एकदाच. एखाद्या गुन्ह्यातल्या गनचा माग काढायला आले तर ते वेगळं. येतात ते बिझनेसच्या जागी, जिथे गन आणि वह्या ठेवल्यात तिथे. बेडरूमची कपाटं उघडत नाहीत. म्हणूनच मी सांगेन की गॅरेजचा कोपरा, एकच सेफ, एकच कपाट असं ठेवा आणि बिझनेसच्या गन स्वतःच्या गनमध्ये मिसळू नका. घरभर पसरवून ठेवलं तर घरभर बघतील, तेव्हा तक्रार करायची नाही.

आता खरं काम. वही, म्हणजे बाउंड बुक. एका बाजूला गन आली कुठून, दुसऱ्या बाजूला गेली कोणाकडे. आलेली गन लगेच पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत लिहायची, गेलेली सात दिवसांत. बनवणारा, बाहेरून आणली असेल तर आणणारी कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, प्रकार, कॅलिबर. ऐकायला सोपं आहे. पण बॉक्सवरचा नंबर लिहायचा नाही, गनवरचा वाचायचा, बॅटरी घेऊन, शून्य आहे की ओ आहे ते बघून. बॉक्स बदललेले असतात. मी दोनदा मोठ्याने वाचते आणि नवरा वहीवर बोट ठेवून बघतो, हसा हवं तर.

गन पाठवणारा डीलर असेल तर त्याला आधी आपल्या लायसन्सची सही केलेली कॉपी द्यायची, आणि त्याचा नंबर एटीएफच्या ईझी चेक साइटवर टाकून बघायचा. बॉक्समध्ये चिठ्ठीच नाही, पाठवलंय कोणी माहीत नाही, असंही होतं. खाजगी माणसाने पाठवली असेल तर त्याचं नाव-पत्ता हवाच, त्याशिवाय वहीत काय लिहिणार. आम्ही वेबसाइटवर स्पष्ट लिहून ठेवलंय की आयडीची कॉपी बॉक्समध्ये नसेल तर ट्रान्सफर थांबेल.

मग ४४७३, म्हणजे गन घेताना भरायचा फेडरल फॉर्म. हा फॉर्म घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचा, आपण मदत म्हणून पेन द्यायचं, उत्तर नाही. लोक काउंटीचा रकाना सोडतात, सगळेच सोडतात. राहता पत्ता हवा, पीओ बॉक्स नाही. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नवीन पत्त्याचं सरकारी कागदपत्र मागायचं. एवढं झाल्यावर निक्सला (एफबीआयची बॅकग्राउंड चेकची यंत्रणा) फोन किंवा ऑनलाइन चेक, ते ख्रिसमस सोडून रोज चालू असतं. उत्तर तीन प्रकारचं. प्रोसीड म्हणजे द्या. डिनाइड म्हणजे नाही. डिलेड म्हणजे थांबा, आणि तीन कामाचे दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर फेडरल कायद्याने देता येतं पण द्यावंच असं नाही, आम्ही ओळखीचा माणूस नसेल तर उत्तर येईपर्यंत देत नाही. एकवीसच्या आतलं कोणी असेल तर २०२२ नंतर ही मुदत दहा कामाच्या दिवसांपर्यंत जाऊ शकते. तुमच्या टेक्सासात ज्याच्याकडे कॅरी लायसन्स (हँडगन सोबत बाळगायचं) आहे त्याला निक्सचा फोन लागत नाही, पण ४४७३ लागतोच लागतो, यात बरेच नवे लोक गोंधळतात.

आणि हँडगन असेल तर सोबत लॉक द्यायचं. बॉक्समध्ये कंपनीचं आलं असेल तर ठीक, सेकंडहँड असेल तर नसतंच. आम्ही केबल लॉकचा एक डबा भरून ठेवलाय. अठराच्या आतल्यांबद्दलची सूचना भिंतीवर लावायची आणि तेच पत्रक हँडगन घेणाऱ्याला द्यायचं. गॅरेजच्या भिंतीवर मुलांच्या सायकली, शेजारी ती सूचना, आमच्याकडचं दृश्य असं आहे.

आई-बाबांचं बरं झालं विचारलंत, हे आपल्या लोकांनाच पडणारं कोडं आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेला माणूस फेडरल कायद्याने गन बाळगू शकत नाही, काही अपवाद सोडून. तेव्हा सेफचा कोड त्यांना माहीत नको, किल्ली स्वयंपाकघरातल्या हुकावर नको, आणि बाबांना कौतुकाने 'धरून बघा' म्हणायचं नाही. कुरिअरवाला गनचा बॉक्स घेऊन आला आणि आईने सही करून घेतला असंही व्हायला नको, आमच्याकडे डिलिव्हरी शनिवारी किंवा कुरिअरच्या सेंटरवर थांबवून घेतो.

चहाटळ

एक भाबडा प्रश्न. महिन्याला पाच ट्रान्सफर गुणिले २५, म्हणजे १२५ डॉलर. त्यातून सेफ, इन्शुरन्स, सॉफ्टवेअर, लॉकचा डबा. शनिवार घरीच. शेजारी खिडकीतून बघणार. यापेक्षा दुकानदाराला ५० देऊन त्याचा चेहरा सहन करणं स्वस्त नाही का? नाकापेक्षा मोती जड झालाय.

कागदीघोडा

चहाटळ, हिशोब बरोबर आहे आणि मी कोणाला श्रीमंत व्हाल म्हणून सांगितलेलं नाही. पण पाच हा आकडा टिकत नाही. लोकांना कळलं की घरी, संध्याकाळी, अपॉइंटमेंट घेऊन, गर्दी नाही, की माणसं वाढतात. मग धंदा धंद्यासारखा वाटायला लागतो, किंवा मग डोकेदुखी वाटायला लागते आणि माणूस बंद करतो. दोन्ही बघितलंय. इन्शुरन्सचं मात्र खरं आहे, घराच्या पॉलिसीत बिझनेसचं नुकसान सहसा धरत नाहीत, एजंटला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बंद करतानाची गोष्ट आधी ऐकून ठेवा. ४४७३ आणि वही पूर्वी वीस वर्षं ठेवायची होती, ऑगस्ट २०२२ पासून लायसन्स असेपर्यंत सगळं ठेवायचं, आणि बंद केलं की ३० दिवसांत मार्टिन्सबर्गला पाठवायचं. कचऱ्यात टाकायचं नाही. गन चोरीला गेली किंवा सापडत नाहीये असं लक्षात आलं तर ४८ तासांत एटीएफ आणि पोलीस दोघांना कळवायचं. ट्रेसचा, म्हणजे गनचा माग काढायला एटीएफचा फोन आला तर २४ तासांत उत्तर, सुट्टीवर असलात तरी. म्हणजे सुट्टीला जाताना वहीपर्यंत कोण पोचेल याची सोय करून जायची.

एकाच माणसाने पाच सलग कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर ३३१०.४ फॉर्म त्याच दिवशी. टेक्सास सीमेवरचं राज्य असल्यामुळे काही सेमी-ऑटो रायफलींना पण तसाच वेगळा फॉर्म आहे. मित्र असले तरी फॉर्म.

आणि एक प्रसंग जो नव्या डीलरला हमखास गोत्यात आणतो. दोन मित्र येतात, एक दुसऱ्याला गन विकतोय, 'तुझ्याकडून चेक करून घेऊ म्हटलं.' विकणारा गन तुमच्याकडे ठेवून निघून जातो. तुम्ही वहीत घेता. घेणारा डिनाइड होतो. आता विकणारा परत आला की 'माझीच गन आहे, दे परत' म्हणून उचलून न्यायची नाही, त्यानेही ४४७३ भरायचा, त्याचाही चेक व्हायचा. आणि तो स्वतःच डिनाइड झाला तर? तर गन तुमच्या गळ्यात. म्हणून मी विकणाऱ्याला उत्तर येईपर्यंत समोर खुर्चीवर बसवून ठेवतो.

एलएलसीचं राहिलं होतं. स्वतःच्या नावावर घेतलं तर सोपं, पण नंतर एलएलसी केली की लायसन्स तिच्यावर सरकत नाही, नवा अर्ज, पुन्हा २०० डॉलर. ज्याला पुढे मोठं करायचंय किंवा घर-दार धंद्यापासून वेगळं ठेवायचंय त्याने आधीच एलएलसी करावी. तिच्यात जो जो निर्णय घेऊ शकतो तो 'रिस्पॉन्सिबल पर्सन' धरला जातो आणि त्याचेही ठसे आणि फोटो लागतात, तेव्हा प्रेमापोटी भावाला, मेव्हण्याला पार्टनर दाखवू नका. टेक्सासात विक्री करणार असाल तर सेल्स टॅक्स परमिट काढा, ते फुकट मिळतं.

जुनाखेळाडू

एक भर. तुझ्या ग्रुपमध्ये एच-वन-बीवाले असतीलच. ते 'तू सिटिझन आहेस, तू घे, पैसे मी देतो' म्हणतील. आता तू डीलर असशील, तर दोघांपैकी कोण खरं घेतंय हे तुला कळत असताना फॉर्म पुढे ढकललास तर तू पण त्यात. दुसऱ्यासाठी लपून घेणं याला २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवलीय. एच-वन-बीवर असलेल्यालाही गन घ्यायला काही अपवाद आहेत, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा, तर त्याने तो रस्ता धरून स्वतःच्या नावाने फॉर्म भरावा. मित्राला नाही म्हणता येत नसेल तर हा धंदा आपला नव्हे.

आणि ते 'एका चुकीत लायसन्स जातं' असं २०२१ नंतर जे ऐकू येत होतं ते धोरण २०२५ मध्ये मागे घेतलंय. लायसन्स काढून घेतात ते जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला. म्हणून वही ढिली ठेवायला मोकळे असं मात्र समजू नये, तीच चूक समज दिल्यावर पुन्हा सापडली की तिला जाणूनबुजून म्हणायला त्यांना सोपं जातं.

झाडपाला

बाप रे, एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं, पण उलट बरं वाटलं. आज सिटीच्या वेबसाइटवर होम ऑक्युपेशनचा नियम काढला, त्यात गिऱ्हाईक यायला बंदी नाही पण एका वेळी एकच गाडी आणि पाटी नको असं आहे, शस्त्रांबद्दल एक शब्द नाही. उद्या ईमेल टाकतो. एचओएचे कागद बायको वाचतेय, ती म्हणाली की मेघाताईंचं वाचून निदान काय काय विचारायचं ते तरी कळलं.

शेवटचं एक. अर्जावर बिझनेसच्या वेळा लिहायच्या असतात म्हणे. नोकरी असताना काय लिहायचं?

मेघा_ओहायो

ज्या खरोखर पाळता येतील त्याच लिहा. आम्ही शनिवारी सकाळी ९ ते १ आणि आठवड्यात एका दिवशी संध्याकाळी दोन तास लिहिलंय, बाकी अपॉइंटमेंटने. भरपूर वेळ लिहिला तर चांगलं दिसेल असं काही नसतं. तपासणी त्याच वेळांत होते, म्हणजे लिहिलेल्या वेळेत घरी कोणीतरी पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे ज्याला सेफ उघडता येते आणि वह्या कुठे आहेत ते माहीत आहे असं माणूस. आई-बाबा नव्हेत. सिटीला ईमेल टाकाल त्यात याच वेळा लिहा, दोन्हीकडे वेगळं लिहिलं तर आयओआय तेच पहिलं विचारतो.

कागदीघोडा

+१. आणि ईमेलमध्ये 'छोटा होम बिझनेस' असं मोघम लिहू नका, सरळ लिहा की फेडरल लायसन्स घेऊन अपॉइंटमेंटने गन ट्रान्सफर करणार. मोघम प्रश्नाला मिळालेला होकार आयओआयपुढे काही कामाचा नसतो. उत्तर आलं की इथे टाका, एचओएच्या कागदात अडकलात तर तेही टाका, मी बघून सांगतो.